जिवंत मुद्देमाल

माझ्या सासऱ्यांना घरफोडीच्या आरोपाखाली धरलं, तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासरी गेलं की कपाटातला न फुटलेला कप बाहेर निघायचा, पंख्याखालची खुर्ची मिळायची आणि मी काहीही बोललो तरी सगळे माना डोलवायचे, असे ते दिवस. ते आणखी थोडे चालावेत अशी माझी फार इच्छा होती. पण एका दुपारी मी डेपोत बसगाड्यांचं वेळापत्रक लावत बसलो असताना सासूबाईंचा फोन आला.

"जावईबापू, ह्यांना पोलिसांनी नेलंय. मासा चोरला म्हणे. पोरीचा फोन लागत नाहीये, तुम्ही जाता का?"

मी विचारलं, "मामी, कुठला मासा?"

"ते मला कुठे माहीत? तुमचे मामा सांगतील. तुम्ही विचारू नका, नाहीतर तासभर सांगतील."

आता मामांविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. लोकांच्या घरातल्या, दवाखान्यातल्या माशांच्या काचेच्या टाक्या साफ करणं हा त्यांचा धंदा. एक बादली, एक लांब नळी, एक जाळी आणि काचेवरचं शेवाळं काढायचा ब्रश एवढंच त्यांचं दुकान. गिऱ्हाइकं बहुतेक नोकरीवाली, दिवसभर घराला कुलूप. त्यामुळे सगळ्यांनी आपापली किल्ली मामांना देऊन ठेवलेली. तो जुडगा कमरेला लावून ते चालायला लागले की गल्लीच्या टोकापर्यंत आवाज जायचा. शेजारी त्यांना टाकीवाले काका म्हणायचे.

माणूस अगदी साधा, पण जगाकडे बघायची रीत भलतीच. मामांना माणसं आठवत नाहीत, मासे आठवतात. कुणाचा पत्ता सांगायचा तर ते म्हणणार, "ते हो, काळ्या शेपटीवाल्याच्या समोरचे." लग्न ठरवायला माझी आई त्यांच्याकडे गेली, तेव्हा पाहुणचार वगैरे झाल्यावर त्यांनी तिला पहिला प्रश्न विचारला तो, "तुमच्याकडे कोणता मासा?" आमच्याकडे मासा नाही म्हटल्यावर त्यांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली होती. पोरगी कशा घरात द्यायची याचा त्यांना घोर लागला असावा.

त्यांच्या कामाची एक खास पद्धत होती. एखाद्या घरातला मासा आजारी दिसला की ते त्याला बादलीत घालून स्वतःच्या घरी न्यायचे. गॅलरीत त्यांनी माशांचा दवाखानाच मांडला होता, आणि त्यापायी मामींना कपडे वाळत घालायला जागा उरली नव्हती. पण नेताना टाकी रिकामी ठेवायची नाही. तसाच दिसणारा, तेवढाच दुसरा मासा त्या जागी सोडायचा. त्याला ते 'बदली' म्हणायचे. फार पूर्वी एका घरातली लहान मुलगी शाळेतून आली, टाकी रिकामी बघून तिनं जो गळा काढला तो रात्रीपर्यंत थांबला नाही, तेव्हापासून हा नियम. मूळचा बरा झाला की तो परत जागेवर आणि बदली आपल्या घरी. गिऱ्हाइकांना हे ठाऊक होतं. कोणी विचारत नसे, मामाही सांगत नसत.

तर त्या दिवशी काय झालं होतं? एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक नर्सबाई राहायच्या. त्यांच्याकडे एकच मासा, नारिंगी रंगाचा, चांगला गलेलठ्ठ. बाईंना परगावच्या इस्पितळात नोकरी लागली आणि त्या गेल्या. टाकी जड म्हणून घरमालकाला विचारून माशासकट तिथेच ठेवली. त्या जागी विमा कंपनीतले एक साहेब राहायला आले. दाराचं कुलूप बदलायचं त्यांच्या मनात होतं, पण राहून गेलं. ही घडामोड मामांना सांगायची कोणी, तर नर्सबाईंनी. ते सांगायचंही राहून गेलं.

मामा नेहमीच्या दिवशी गेले, किल्ली लावली, आत शिरले. घरातला सोफा बदललेला, पडदे बदललेले, भिंतीवर अनोळखी माणसांचे फोटो. मामा त्या सगळ्याच्या मधून सरळ टाकीपाशी. मासा पोट वर करून पाण्यावर तरंगत होता. मेला नव्हता, पोट फुगलं की मासे असे उलटे होतात. टाकीच्या तळाशी पावाचे तुकडे पडलेले बघून मामांचं डोकं फिरलं. ते तडक घरी गेले, बदली घेतला, परत आले, बदली टाकीत सोडला आणि आजारी मासा बादलीत घालून जिना उतरायला लागले. आणि जिन्यातच विमेवाले साहेब भेटले.

"बादलीत काय आहे?"

"मासा."

"कुठला?"

"तिसऱ्या मजल्यावरचा."

"तिसऱ्या मजल्यावर मी राहतो!"

"अस्सं!" मामा म्हणाले. "म्हणजे पाव घालणारे तुम्हीच. शिकलेसवरलेले दिसता, मुक्या जिवाला पाव घालताना काही वाटलं नाही?"

साहेबांनी जिन्यातूनच पोलिसांना फोन लावला.

मी ठाण्यात पोचलो तेव्हा मामा बाकावर बसले होते आणि बादली पायाशी होती. त्यांचा जबाब घेऊन झाला होता. मी तो वाचला आणि कपाळाला हात लावला. मासा तुम्हीच घेतला का? 'हो, मीच घेतला.' घरात किती वेळा शिरलात? 'दोनदा. एकदा बघून गेलो, मग बादली घेऊन आलो.' याआधी असं केलंय? 'कितीतरी वेळा, बऱ्याच घरांतून.' एखाद्या अट्टल चोराला दोन रात्री कोंडून ठेवलं असतं तरी त्यानं एवढं दिलं नसतं. मामांनी चहाच्या एका कपावर सगळं देऊन टाकलं होतं.

"मामा, हे असं कसं सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं. खोटं सांगायचं का?"

पंचनाम्यात लिहिलं होतं, 'मासा एक नग, रंग नारिंगी, अवस्था उलटी.' आता हा नग ठेवायचा कुठे यावर ठाण्यात खल चालला होता. जप्त केलेल्या वस्तू सांभाळणारे एक हवालदार होते, पिकलेल्या मिशांचे, निवृत्तीला टेकलेले. त्यांच्या खोलीत सायकली होत्या, टीव्ही होते, एक शिलाई मशीन होतं.

"मुद्देमाल म्हटला की सील करावा लागतो," हवालदार म्हणाले.

"सील कराल तर गुदमरेल!" मामा उठून उभे राहिले.

ठाण्याच्या इन्स्पेक्टरसाहेबांनी आतून ओरडून सांगितलं की मुद्देमाल कोर्टात हजर करायचाय, तो मेला तर जबाबदारी हवालदारांची. हवालदारांच्या तोंडचं पाणी पळालं. मग घरफोडीचा आरोपी पुढे आणि मुद्देमालवाले मागे, असे दोघे बादलीवर वाकले. मामा सांगत होते, पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं, थोडंथोडं बदलायचं, आधी उपास, मग उकडलेला वाटाणा, तोही साल काढून. हवालदार ते तळहातावर लिहून घेत होते.

त्याच दुपारी मामांना कोर्टापुढे उभं केलं आणि जामीन मिळाला. दर आठवड्याला ठाण्यात हजेरी लावायची, ही अट. जामीनदार म्हणून सही केली ती मी. सासऱ्याला जामीन राहावं लागतं हे लग्नाच्या बोलणीत कुणी काढलं नव्हतं. बाहेर आल्यावर मामा मला म्हणाले, "जावईबापू, वाटाणा फार शिजवतील हो ते." बाकी त्यांना कसलीच काळजी नव्हती. काळजी करायचं काम घरात माझ्याकडे आलं होतं.

वकील आम्हाला मोफत कायदा मदत केंद्रातून मिळाल्या. चपलांच्या दुकानावर त्यांची खोली होती, खुर्च्या दोन आणि फायली खिडकीपर्यंत. वकीलबाई माझ्याच वयाच्या असतील, सर्दीनं नाक लाल झालेलं, बोलणं तोडून टाकणारं. त्यांनी जबाब वाचला, डोळे मिटले, परत वाचला.

"काका, तुमच्यावर दोन आरोप आहेत. नीट ऐका. पहिला घरफोडीचा. म्हणजे चोरी करायच्या इराद्यानं दुसऱ्याच्या घरात शिरणं. दुसरा बेकायदा घरात शिरण्याचा. म्हणजे आपल्याला परवानगी नाही हे माहीत असताना शिरणं. दोन्हींत नुसतं आत जाणं पुरत नाही. जाताना तुमच्या मनात काय होतं, हे बघतात. कळलं?"

"मनात मासा होता," मामा म्हणाले.

"माशाचं नंतर."

"माशाशिवाय यात आहे काय?"

वकीलबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. मग त्यांनी मामांना शिस्त लावायला घेतली. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. 'कारण' म्हणायचं नाही, 'पण' म्हणायचं नाही. आणि कोर्टाबाहेर ह्या प्रकरणाबद्दल कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही. मामांनी मान हलवली, आणि खाली उतरल्या उतरल्या चपलांच्या दुकानदाराला सगळी हकिगत ऐकवली.

घरी सराव सुरू झाला. मामी सरकारी वकील व्हायच्या. पोळपाट-लाटणं बाजूला न ठेवताच त्या विचारायच्या, "मासा नेलात की नाही?"

"नेला, कारण—"

"कारण नको!"

"नेला."

"आता जेवणार का?"

"हो, पण जरा—"

"पण नको!"

माझी बायको हसून हसून बेजार व्हायची. मीही हसायचो, खोटं कशाला बोलू? त्या घरात मी पंख्याखालच्या खुर्चीतून उठून ओट्यापाशी उभा राहायला लागलो तो त्याच दिवसांत. कपही मग हाताला येईल तो मिळायला लागला, बहुतेक वेळा कान तुटलेला.

पण सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. गावात बातमी पसरली. दातांच्या डॉक्टरांनी मामांना बोलावून, चहा पाजून, किल्ली परत मागितली. "तुमच्यावर विश्वास आहे हो, पण हे मिटेपर्यंत..." मग आणखी एकांनी मागितली, मग आणखी. प्रत्येक जण गोड बोलत होता. मामा किल्ली जुडग्यातून काढायचे, पुसायचे आणि देऊन यायचे. एक दिवस ते जिना चढून आले आणि त्यांच्या चालण्याचा आवाज आला नाही. ते गॅलरीत जाऊन टाक्यांपुढे बसून राहिले. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. आपला माणूस असा आवाज न करता घरात आलेला बघवत नाही.

त्यातच सरकारी वकिलांकडून निरोप आला. बेकायदा प्रवेश कबूल करा, घरफोडीचा आरोप मागे घेऊ. समज देऊन सोडतील, एका दिवसात मोकळे.

मी म्हटलं, "मामा, मिटवून टाका. कशाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या?"

वकीलबाई म्हणाल्या, "निर्णय काकांचा. हरलो तर दोन्ही आरोप सिद्ध होतील, हेही सांगते."

मामा म्हणाले, "जावईबापू, माझं काम कुलपाच्या आत आहे. घरात कोणी नसताना मी जातो. परवानगी नसताना घुसलो असं एकदा मीच सांगितलं, तर उद्या कोण मला किल्ली देईल? मी कुठल्या तोंडानं मागू? हे सांगणार नाही. घुसलोच नाही तर घुसलो कसं म्हणू?"

मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "नाही म्हणून कळवा त्यांना." विषय संपला.

वकीलबाईंनी मग मला कामाला लावलं. साहेबांची तक्रार अशी होती की टाकीत दोन मासे होते, त्यातला एक चोरला. टाकीत मुळात एकच मासा होता, आणि मामांना घरात यायची मुभा होती, ह्या दोन गोष्टी सांगू शकेल अशी एकच व्यक्ती होती, नर्सबाई. त्यांचा नंबर बदललेला. मग मी आमच्याच डेपोच्या गाडीनं त्यांच्या गावी गेलो आणि इस्पितळाच्या लांबच लांब बोळात त्यांना गाठलं. हातात औषधांचा ट्रे, घाईत होत्या. मी म्हटलं, टाकीवाले काका. त्या थबकल्या आणि त्यांनी ट्रे खिडकीत ठेवला.

"अगं बाई! मी त्यांना सांगितलंच नाही! गेले ना ते नेहमीसारखे?"

"गेले. पकडलं त्यांना."

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पुढचं मला सांगावंच लागलं नाही. कोर्टात यायला लागेल म्हणताच त्या म्हणाल्या, "येईन म्हणजे काय, येणारच!" आणि मग दबक्या आवाजात, "तो बरा आहे ना?" मला वाटलं मामांची चौकशी करतायत. त्या माशाची करत होत्या.

मासा तिकडे ठाण्यात मजेत होता. मामा हजेरीला जायचे ते डोळ्यांत तेल घालून बादली तपासून यायचे. हवालदार घरून डब्यात वाटाणे उकडून आणायचे आणि वर्दीतच एकेक दाणा सोलत बसायचे. आणि एका सकाळी त्यांचा मामांना फोन आला. फोन कसला, आरोळीच ती.

"काका! सरळ झाला! सरळ झाला हो!"

मागून टाळ्यांचा आवाज येत होता. ठाण्यातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या म्हणे. चोरीच्या टीव्हीवाला एक आरोपी जबाबासाठी आला होता, त्यानंही वाजवल्या. हे कळल्यावर वकीलबाईंचा पारा चढला. "काका, आरोपीनं मुद्देमालाला हात लावायचा नसतो!" मामा म्हणाले, "हात कुठे लावतो? मी लांबून सांगतो, ते लावतात." बाईंनी रुमालात तोंड लपवलं. सर्दी तर केव्हाच बरी झाली होती.

खटल्याच्या दिवशी कोर्टाची खोली भरलेली. विमेवाले साहेब साक्षीला उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. फक्त सगळीकडे धोका बघायची त्यांना नोकरीनं सवय लावली होती. वकीलबाईंनी सौम्यपणे सुरुवात केली.

"तुम्ही राहायला आलात तेव्हा टाकीत किती मासे होते?"

"दोन."

"मोजले होते?"

"मासे काय मोजायचे? एक बादलीत सापडला, एक टाकीत उरला. म्हणजे दोनच ना."

"म्हणजे चोरी झाल्यावर तुम्ही हिशेब केलात. त्याआधी दोन मासे एकत्र पोहताना कधी बघितले?"

साहेब विचारात पडले. खरं बोलणारा माणूस होता, त्यामुळे पंचाईत झाली. "तसे बघितले नाहीत," ते म्हणाले. "एक दगडामागे असेल असं धरून चाललो."

मग नर्सबाई आल्या. मासा एकच होता. दुसरा ठेवायचा हट्ट त्यांनी केला होता, पण टाकी लहान आहे म्हणून काकांनी त्यांनाच रागावून गप्प बसवलं होतं. किल्ली त्यांनीच दिली होती. घर सोडल्याचं कळवायला त्या विसरल्या. आजारी मासा नेऊन बदली ठेवायची काकांची नेहमीची रीत. सगळं त्यांनी एका दमात सांगितलं आणि शेवटी साहेबांकडे वळून म्हणाल्या, "त्याला पाव चालत नाही हो."

"कळलं मला," साहेब कसेबसे म्हणाले.

शेवटी मामा पिंजऱ्यात उभे राहिले. वकीलबाईंनी हातांची घट्ट घडी घातली. मामींचे ओठ 'पण नको' असे हलताना मला दिसले. सरकारी वकील पुढे आले.

"घरातलं सगळं सामान बदललं होतं. तरी तुम्हाला कळलं नाही की इथे दुसरं कोणी राहतं?"

"नाही."

"सोफा बदललेला दिसला नाही?"

"नाही."

"आत्ताचा सोफा कोणत्या रंगाचा आहे?"

"माहीत नाही."

"बरं, आधीचा, नर्सबाईंचा कोणत्या रंगाचा होता?"

मामांनी आठवून बघितलं. अगदी मनापासून बघितलं. "तोही माहीत नाही."

"इतकी वर्षं त्या घरात जाता आणि सोफ्याचा रंग माहीत नाही? हे कोर्टानं खरं मानावं?"

"सोफा पाण्यात नव्हता ना," मामा म्हणाले.

खोलीत हशा पिकला. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला आणि पुसतच राहिले. वकीलबाईंनी हात सोडले आणि म्हणाल्या, "मला आता काही विचारायचं नाही." मामा मात्र खाली उतरता उतरता साहेबांना विचारत होते, "बदलीला काय घालता हल्ली?" न्यायाधीशांनी दटावलं, साक्षीदाराशी बोलू नका. मामा म्हणाले, "बरं. पण पाव नाही ना?" साहेबांनी जागेवरूनच मान हलवली, नाही, नाही.

निकाल लांबला नाही. चोरायच्या इराद्यानं घरात शिरणारा माणूस एक आजारी मासा नेऊन त्या जागी एक धडधाकट मासा ठेवून जात नाही, न्यायाधीश म्हणाले. आणि परवानगी संपली हे माहीत असताना शिरला तर गुन्हा. आरोपीला ते माहीत नव्हतं, आणि एकंदर पाहता त्या घराची भिंत पडली असती तरी त्याला ते कळलं असतं असं कोर्टाला वाटत नाही. दोन्ही आरोपांतून निर्दोष मुक्त. मुद्देमाल मूळ मालकाला परत. आता मूळ मालक कोण, यावर नर्सबाईंनी तिथल्या तिथे मासा साहेबांना देऊन टाकला, फक्त खाण्यापिण्याच्या सूचना फार केल्या.

मामींनी वकीलबाईंना मिठीच मारली. मला कुणाला मिठी मारावी कळेना, मी जिन्यापाशी उभा असलेल्या हवालदारांना मारली. त्यांच्या हातात बादली होती आणि डोळे लाल झाले होते. जप्तीतल्या वस्तू परत करताना त्यांना आजवर कधी वाईट वाटलं नव्हतं, असं ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मामांना ठाण्यातून बोलावणं आलं. मामींचा चेहरा उतरला. पण काम वेगळंच होतं. इन्स्पेक्टरसाहेबांच्या खोलीबाहेर, जिथे तक्रार द्यायला आलेली माणसं ताटकळत बसतात, तिथे एक टाकी हवी होती. हवालदार रिकाम्या बादलीकडे बघून सुस्कारे टाकत होते आणि कामात लक्ष लागेना. मामांनी टाकी बसवली, दोन मासे सोडले. इन्स्पेक्टरसाहेबांनी दारावरच्या शिपायाला सर्वांसमक्ष ताकीद दिली, "हे केव्हाही आले तरी अडवायचं नाही. विचारायचंही नाही."

ही बातमी पहिलीपेक्षा जोरात पळाली. ज्याला पोलीस न विचारता आत सोडतात, त्याला किल्ली द्यायला कोण कचरेल? दातांचे डॉक्टर स्वतः येऊन किल्ली देऊन गेले. हळूहळू सगळी घरं परत आली. विमेवाले साहेबांनी मोठी टाकी घेतली आणि दोन्ही मासे तिच्यात ठेवले. बदली त्यांनी परत दिलाच नाही. एकाला दुसऱ्याची सवय झालीय, म्हणाले. मामांनाही ते पटलं.

पण मामांमध्ये एक फरक पडला होता, तो आम्हाला जरा उशिरा कळला. किल्ली खिशात असली तरी ते आधी घंटी वाजवतात. आत कोणी नाही हे ठाऊक असतं, तरी वाजवतात, थांबतात, मग कुलूप उघडून दारातूनच विचारतात, "येऊ का?" रिकाम्या घराला विचारतात. ठाण्यात विचारतात, तेव्हा शिपाई हसतो.

एका संध्याकाळी मी आणि बायको त्यांच्याकडे गेलो होतो. मामी ओट्यापाशी होत्या, मी भांडी पुसत होतो. जिन्यात किल्ल्यांचा आवाज आला आणि दाराशी थांबला. दार उघडंच होतं. मामा बादली घेऊन उंबऱ्याबाहेर उभे होते. दिवसभराच्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "येऊ का?"

मामींच्या हातातला डाव तसाच राहिला. सगळ्या प्रकरणात ही बाई एकदाही रडली नव्हती, जबाब वाचून नाही, किल्ल्या गेल्या तेव्हा नाही, निकालाला नाही. आता पदरानं डोळे पुसत त्या दाराशी गेल्या, मामांच्या हातातून बादली घेतली आणि म्हणाल्या, "अहो, तुमचंच घर आहे. या."